एक हंगाम पडीक

९ फेब्रुवारी

जमिनीच्या अर्जाचं काम ज्याला दिलंय तो नकाशेवाला म्हणाला, "आजपासून तारखा लिहून ठेवा. कचेरीत कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, सगळं. पुढं कामाला येतं." म्हणून ही वही. पंपाच्या कंपनीने चार वर्षांपूर्वी फुकट दिलेली डायरी आहे. वार चुकीचे छापलेत, म्हणजे चार वर्षांपूर्वीचे, पण तारखा तारखाच असतात.

तर हकिगत अशी. माझ्या गाळ्यातून आवाज येतो अशी वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रार केली. मी पंप दुरुस्त करतो, शिवणकाम नाही. आवाज येणारच. बावीस वर्षं तो आवाज ऐकून त्यांची मुलं मोठी झाली, शिकली, आणि आता त्या मुलांना आवाज सहन होत नाही. गाळामालकाने हात वर केले. डिसेंबर संपायच्या आत गाळा रिकामा करायचा.

शहरात दुसरा गाळा मला परवडणार नाही. पण रस्त्याला लागून आपली सव्वा एकर जमीन आहे. तिथं शेड टाकली तर कुणाच्या झोपेचं खोबरं होणार नाही. अडचण एकच, ती जमीन शेतीच्या झोनमध्ये आहे. धंद्यासाठी वापर बदलून घ्यावा लागेल. नकाशेवाला म्हणतो, होतं काम.

जमीन बाबांनी माझ्या नावावर केली आणि जाताना म्हणाले, "ताईला आहे तोवर कसू दे." ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, तिथंच कडेला दोन खोल्यांत राहते. एकवीस वर्षं कसते आहे. मी एका शब्दाने कधी अडवलं नाही.

१४ फेब्रुवारी

नकाशेवाला जमीन बघायला आला होता. धावत्या गाडीतून उतरल्यासारखा माणूस, सारखा घड्याळ बघतो. ताईचा रोपांचा मांडव, वाफे, पाण्याच्या नळ्या, सगळं बघून त्याने डोक्याला हात लावला.

"अहो, हे एवढं हिरवं? पाहणीला येणाऱ्याने हे बघितलं की फाइल बंद. चांगली चालती शेती ते कशाला मोडू देतील? जमीन पडीक दिसली पाहिजे. एक हंगाम काही लावू नका. गवत वाढू दे."

मला पटलं. मशीन बंद असेल तरच दुरुस्तीला येतं, तसंच हे.

अर्जाला मागे टाचून सूचनांची सहा पानं आहेत. ही म्हणाली, "वाचा तरी." मी म्हटलं, आयुष्यात एकाही पंपाचं पुस्तक वाचलं नाही, कुठला पंप अडून राहिलाय? पुस्तकं लिहिणाऱ्याने पंप उघडलेला नसतो. ही म्हणाली, "अर्ज म्हणजे पंप नव्हे." बायकोला शेवटचा शब्द लागतो, तो तिला देऊन टाकला.

१५ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ती कांद्याच्या रोपांना पाणी देत होती.

"एकच हंगाम ना?"

"एकच. पाहणी झाली की मागच्या बाजूला लाव काय लावायचं ते."

"बरं."

मला वाटलं होतं रडारड होईल, निदान दोन शब्द तरी ऐकवेल. काही नाही. ताई म्हणजे सोनं आहे. घरी येऊन हिला सांगितलं तर ही भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंत की सांगितलंत?"

म्हटलं, दोन्ही एकच.

*(समासात, नंतर लिहिलेलं: एकच नाही.)*

२ मार्च

अर्ज भरला. खाना सात होता, 'जमीन सध्या कोण कसतं'. नकाशेवाला म्हणाला, "लिहा, कोणी नाही." मी लिहिलं. माझं अक्षर वाईट, पण तेवढे दोन शब्द छान आले.

जागेवर राहणाऱ्याची सही लागते म्हणून कागद ताईकडे नेला. ती चष्मा लावून, बोट ठेवून, सगळं वाचते. मी घाईत होतो, गाळ्यावर गिऱ्हाईक ताटकळत होतं. सातव्या खान्यावर तिचं बोट जरा थांबलं. मी म्हटलं, "ते असं लिहावं लागतं गं, पद्धत असते."

"हो का," म्हणाली आणि सही केली. सहीनंतर पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं. दुसरं कोणी असतं तर तसंच टाकलं असतं. या घरात वस्तू जागेवर ठेवणारी ती एकटीच.

२० मार्च

लावायला तयार झालेली रोपं ताईने वाटून टाकली. टोमॅटो, कोबी, कांदा, साठ-सत्तर ट्रे. शेजारपाजारचे लोक सकाळपासून गाड्या लावून उभे. फुकटचं म्हटल्यावर कोण सोडतो? एकजण तर ट्रेसुद्धा घेऊन चालला होता, मी ओरडलो तेव्हा परत ठेवला.

ताई प्रत्येकाला सांगत होती, हे चार बोटं खोल लावा, याला दुपारी पाणी घालू नका. ऐकत कोणी नव्हतं, आणि ती सांगायची थांबत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "पुरे गं, लावतील ते."

१० एप्रिल

पाहणी पुढे ढकलली. कचेरीतला कारकून म्हणतो, मे अखेर. घोडं नक्की कुठं पेंड खातंय ते कळत नाही.

११ मे

ताईकडे पंपाचं सामान ठेवायला गेलो होतो. आता मांडव रिकामाच आहे म्हणून थोडं थोडं नेऊन ठेवतो. टेबलावर ओल्या फडक्यात काही तरी गुंडाळलेलं. विचारलं तर म्हणाली, "कांद्याच्या वीस बिया घातल्यात. किती उठतात ते बघतेय."

"किती उठल्या?"

"अकरा. गेल्या साली अठरा होत्या." मग म्हणाली, "कांद्याचं बी वर्षभर टिकतं रे. पुढं झोपतं. दरवर्षी लावून नवं धरावं लागतं."

मी म्हटलं, "झोपू दे की. तू पण झोप जरा. बाजारात डबाभर बी मिळतं."

"मिळतं," म्हणाली.

*(समासात: हे मी बोललो. ते बी तिने एकवीस वर्षं दर साली स्वतः धरलेलं होतं आणि मी तिला डबा घ्यायला सांगत होतो.)*

३ जून

नकाशेवाला पुन्हा बघून गेला. गवत छान माजलंय, त्याला समाधान वाटलं. पण मांडव त्याच्या डोळ्यांत खुपला. "हा लांबून दिसतो. बघणारा म्हणेल, इथं रोपवाटिका चालते. काढा."

ताई डोळे तपासायला शहरात गेली होती, दुपारपर्यंत येणार नव्हती. मी विचार केला, ती असली की उगाच तिला त्रास. नट सोडवायचे पाने घेतले आणि लागलो. मांडव मीच बांधून दिला होता, त्यामुळे कुठं काय आवळलंय ते हाताला ठाऊक. तीन तासांत जाळी, पाइप, कमानी, सगळं खाली. काम स्वच्छ झालं.

ती फाटकातून आली आणि उभी राहिली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं, असं मला वाटलं. एक हात कपाळावर धरून ती बराच वेळ त्या जागेकडे बघत होती. मी काही तरी बोललो, नकाशेवाला असं म्हणाला वगैरे.

ती म्हणाली, "नट-बोल्ट कुठं ठेवलेस? हरवतील."

डब्यात ठेवलेत म्हणून सांगितलं. डबा तिने आत नेला.

४ जून

आज गाळ्यावर काम नीट झालं नाही. एक साधं पॅकिंग दोनदा चुकीचं बसवलं. कारण काही नाही, उकाडा असेल.

२७ जुलै

पाहणीची तारीख आता ऑक्टोबर. म्हणजे दुसरा हंगामही गेला. कारकुनाला मी चार शब्द सुनावले, त्याने मला एका वाक्यात गार केलं, "तुमच्यासारखे दोनशे आहेत."

ताईला सांगणं माझ्या जिवावर आलं होतं. हिला म्हटलं, तू सांग. ही म्हणाली, "आपल्या हाताने बांधलेली गाठ आपणच सोडावी." शेवटी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय. वीसातल्या चार उठल्या यावेळी."

मी पाहणीबद्दल बोलत होतो आणि ताई बियांबद्दल. वय झालं की असं होतं म्हणतात. जरा काळजी वाटली.

१९ ऑगस्ट

ताईने नोकरी धरली! शहरातल्या सार्वजनिक बागेच्या रोपवाटिकेत. तिथंच मागे कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातली एक मिळाली. मला आधी एका शब्दाने बोलली नाही. सामान हलवायला मात्र मला बोलावलं, कारण टेम्पो माझा. एक पेटी, एक गादी, दोन पातेली, शिवणयंत्र. एकवीस वर्षांचं सामान, टेम्पो अर्धाही भरला नाही.

खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. एकटी बाई, काम नाही, दिवसभर गवताकडे बघत बसायची. आता चार माणसांत राहील. शिवाय त्या दोन खोल्यांत माझं सामान नीट मावेल. हिला तसं म्हटलं तर हिने ताट माझ्यासमोर जरा जोरात ठेवलं.

१ सप्टेंबर

शेतावर गेलो होतो. खोल्या झाडून पुसून स्वच्छ. खिडकीत नट-बोल्टचा डबा, वर चिकटपट्टी लावून तिने लिहिलंय, 'मांडव. मोठे आठ, लहान तीस. दोन कमी आहेत.' मी मोजले. खरंच दोन कमी होते.

गवत कमरेएवढं झालंय. दिसायला आता अगदी हवं तसं आहे.

८ ऑक्टोबर

आजचं लिहायलाच हवं.

पाहणीला एक तरुण बाई आल्या होत्या. गमबूट घालून आल्या, म्हणजे काम जाणणाऱ्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा. त्यांनी गवतावर नजर टाकली आणि विचारलं, "इथं शेती कोण करतं?"

मी छाती काढून सांगितलं, "कोणी नाही, बाई. दोन हंगाम पडीक आहे. हवं तर आजूबाजूला विचारा."

त्यांनी फाइल उघडली, पान उलटलं, परत माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही हा अर्ज कसा केलात?"

मला कळेना. त्यांनी कळेल असं सांगितलं, आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागलं. शेतीच्या झोनमध्ये लहान धंद्याला परवानगी मिळते ती चालत्या शेताला जोडूनच. जमिनीचा पाचवा हिस्सा धंद्याला, बाकीचं शेत चालू पाहिजे, आणि घरचंच कोणी तिथं राहून कसत असलं पाहिजे. कसणाऱ्या घरांना जोडधंदा मिळावा म्हणूनच तो नियम केलाय. तीन वर्षं झाली. पडीक जमीन असेल तर ती मोकळीच ठेवायची, तिच्यावर शेडही नाही.

"आधी इथं कोणी कसत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"माझी बहीण. भाजीपाला, रोपं. मांडव होता."

"मांडव होता?" त्यांनी खाली बघितलं. गवतात कमानींच्या खड्ड्यांचे गोल अजून दिसतात. "अर्ज आला तेव्हाच मी आले असते तर उभ्या उभ्या शिफारस लिहिली असती."

जाताना त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "त्या परत राहायला येणार असतील, कसणार असतील, तर महिनाअखेर कळवा. खाना सात दुरुस्त करून द्या. मी पुन्हा येईन."

९ ऑक्टोबर

सूचनांची सहा पानं वाचली. तिसऱ्या पानावर, वरून दुसरी ओळ. मोठ्या अक्षरांत आहे.

नकाशेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अच्छा, बदलला का नियम?" त्याच्यावर ओरडणार होतो, पण ओरडायला तोंड कुठं होतं? अर्ज देताना काढून ठेवलेली सहा पानं माझ्याच घरात होती, आठ महिने, मीटरच्या वरच्या फळीवर.

हिला वाचून दाखवलं. मला वाटलं आता म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? ती काही म्हणाली नाही. ते ऐकून घ्यायची तयारी करून बसलो होतो. न बोललेलं झेलायची तयारी नव्हती.

ताईची जमीन मी माझ्या हाताने मोडली. ती कामाची नाही म्हणून नव्हे, अडचण होती म्हणूनही नव्हे. ताई तिथं होती म्हणून तर मला सगळं मिळणार होतं. मी जाऊन म्हणायला हवं होतं, "ताई, तू इथं आहेस म्हणून मला शेड मिळते." त्याऐवजी कागदावर काय लिहिलं ते वर आहेच.

१७ ऑक्टोबर

आज जाणार होतो. टेम्पोचं ब्रेक ऑइल बदलत बसलो. बदलायला झालं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

आजही नाही. ही म्हणाली, "अहो, शेडसाठी जाऊ नका. जायचं तर नुसते जा." मी म्हटलं दोन्ही, आणि जीभ चावली.

३१ ऑक्टोबर

मुदत आज संपत होती. पाहणीच्या बाईंना फोन करून आणखी आठवडा मागितला. त्यांनी दिला. विचारलं, "बहीण येतायत ना?" मी म्हटलं, येईल. कधी नाही म्हणाली नाही ती.

२ नोव्हेंबर

गेलो. बागेच्या मागच्या अंगाला रोपवाटिका आहे, काचेचं छप्पर, आत ओल्या मातीचा वास. ताई एका उंच टेबलाशी उभी राहून ट्रेमध्ये माती भरत होती. हिरवा एप्रन, खिशावर नावाची पट्टी. तिला मी जन्मभर वाकून काम करताना पाहिलं. उभी राहून काम करताना ती माझ्याएवढी उंच दिसते.

"ये. जेवलास?"

जेवलो म्हणून खोटंच सांगितलं. मग एका दमात सगळं बोललो. नियम, तिसरं पान, पाहणीच्या बाई, सगळं. चुकलं माझं, असंही म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून तिने याआधी ऐकले असतील असं वाटत नाही. तिचे हात चालूच होते, माती भरायची, तळहाताने सारखी करायची, पुढचा ट्रे.

"कागद वाचला नव्हतास ना?"

"नाही."

"लहानपणापासून तसाच आहेस," म्हणाली आणि हसली. हसली म्हणून मला धीर आला.

"ताई, परत ये. मांडव उद्याच्या उद्या उभा करतो. आणि जमीन तुझ्या नावावर करतो. अर्धी नाही, सगळी. मला फक्त तो पाचवा हिस्सा."

"नाही रे."

इतक्या सहज म्हणाली की मला आधी ऐकूच आलं नाही. "रागावलीस?"

"रागवायला वेळ कुठं आहे, दोनशे ट्रे भरायचेत." मग तिने हात थांबवले. "तिथं सकाळी पाणी घालताना वाटायचं, हे माझं आहे. कुणी तसं म्हणालं नव्हतं, तरी वाटायचं. आता तू कागदावर लिहून दिलंस तरी वाटायचं नाही. का देतोयस ते मला माहीत आहे ना."

मी टेबलावर सांडलेली माती बोटाने गोळा केली.

"इथं काहीच माझं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं यांनी. बरं पडतं ते. आणि रविवारी सुट्टी असते. सुट्टी काय असते ते मला साठाव्या वर्षी कळलं."

एवढ्यात तिचे साहेब आले, तिशीतला मुलगा, हातात वायरचं भेंडोळं. हौदावरचा पंप पाणी उचलत नाही म्हणून वैतागले होते. ताई म्हणाली, "साहेब, हे पंप दुरुस्त करतात. बघतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अरे वा. तुमचे कोणी आहेत का हे?"

मी ताईकडे बघत होतो. तिने एप्रनला हात पुसले.

"ओळखीचे आहेत," ती म्हणाली.

हौदाशी गेलो. पंप हवा ओढत होता, खालच्या झडपेत पाला अडकला होता. वीस मिनिटांचं काम, मला तास लागला. रागाने म्हणाली असेल का? नाही, आवाजात राग नव्हता. नोकरीच्या जागी नातं सांगितलं तर लोक म्हणतात, हिने आपल्या माणसाला काम दिलं, म्हणून असेल. तिचा स्वभावच चोख. असं मी स्वतःला पाच-सहा वेळा समजावलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा थोडं कमी खरं वाटलं.

पंप सुरू झाला. साहेबांनी पैसे विचारले, मी नको म्हटलं. ते म्हणाले, "असं कसं, तुमचं नाव तरी लिहून द्या, पुन्हा लागलात तर." एका चिठ्ठीवर गाळ्याचा पत्ता लिहून दिला, मग आठवलं की डिसेंबरनंतर तो माझा पत्ता नसणार, आणि खोडला. दुसरा लिहायला नव्हता.

ताई टेबलाशी परत गेली होती. मी काचेतून हात केला. तिनेही केला, मातीचा, आणि पुढचा ट्रे ओढला.